फिरस्तीची पेटी: चिखलदरा बुडेल एवढं पाणी

मागच्या अंकात नॉर्वेच्या ग्रुप टूरवर दीड पान काय लिहिलं, पेटी भरून गेली. अर्ध्या लोकांनी खर्च विचारला, तो दर सीझनला बदलतो, म्हणून त्याचं उत्तर देत बसत नाही, ज्याची त्याची टूरवाल्याशी घासाघीस. बाकीच्या पत्रांपैकी पाच निवडली. नावं कोणाचीच टाकत नाही, गावात उगाच चर्चा नको.

प्रश्न: पोरगी पुण्यात नोकरीवर आहे, ती म्हणते बाबा तुमी अन् आई ग्रुपसंगं नॉर्वे फिरून या, पैसे मी भरते. कागदावर ओस्लो, फ्लाम, गेरांगर, लोफोटेन अशी नावं लिहून आहेत. मले एकच सांगा, डोंगर अन् पाणी तर चिखलदऱ्यातबी आहे, मंग एवढ्या लांब जाऊन पाहाचं काय?
(कापूस-तूरवाले काका, जि. यवतमाळ)

उत्तर: काका, विमानात बसेपर्यंत मीही हेच म्हणत होतो. पण हिशोब पाहा. तिथं समुद्राचं पाणी डोंगरांच्या मधून आत शिरलेलं असतं, त्याला फ्योर्ड म्हणतात. सोग्नेफ्योर्ड नावाचा सगळ्यात लांब आहे तो २०० किलोमीटरच्या वर, म्हणजे नागपूरहून निघालं तर अमरावती मागं टाकून बरंच पुढं. अन् खोली १३०० मीटर. आपला चिखलदरा अकराशे मीटर उंच, तो बुडापासून उचलून त्यात ठेवला तरी वरून बोट जाईल. हिमयुगात बर्फाच्या जाड नद्या हळूहळू सरकत होत्या, त्यांनी खडक खरवडून एवढी घळ पाडली, बर्फ वितळला अन् समुद्र आत आला. गंमत म्हणजे समुद्राच्या तोंडाशी हे फ्योर्ड उथळ असतात अन् आत खोल, कारण तोंडाशी बर्फ पसरून पातळ व्हायचा, त्याचा जोर कमी पडायचा.

फ्लामची रेल्वे तुम्हाला आवडेल, कारण तुम्ही यवतमाळच्या शकुंतला गाडीत बसलेले आहात. वीस किलोमीटरची लाइन, वीस बोगदे, समुद्राजवळून निघून ८६६ मीटरवर चढते अन् जवळजवळ एक तास घेते. म्हणजे चाल आपल्या शकुंतलेचीच, फक्त खिडकीबाहेर पऱ्हाटीच्या जागी धबधबे. एका धबधब्यापाशी गाडी मुद्दाम थांबते, सगळे उतरतात, भिजतात, पुन्हा चढतात. आमच्या ग्रुपमधले एक साहेब त्या पाच मिनिटांत सेल्फी काढता काढता धबधबा पाहायचाच विसरले अन् मग रात्री दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये पाहत बसले.

गेरांगर फ्योर्डला मात्र बोटीत वर मान करून बसा. कड्याच्या मधोमध, पाण्यापासून अडीचशे मीटर वर वावरं आहेत. खरंच वावरं, घर, गोठा सगळं. स्कागेफ्लो नावाचं एक आहे, तिथले लोक १९१६ मध्ये सोडून गेले. बकऱ्या पाळायचे, गवत कापायचे, अन् खाली यायला एवढी उभी वाट की एका जागी शिडी लावावी लागायची. गाइड सांगतो, वसुलीवाला येताना दिसला की शिडी वर ओढून घ्यायचे. खरं किती अन् रचलेलं किती देव जाणे, पण ग्रुपमधले आम्ही सगळे वऱ्हाडातले जेवढे होतो तेवढे एकदम हसलो, अन् मुंबईच्या लोकांना कळेना काय झालं.

टूर निवडताना एकच विचारा, लोफोटेनमध्ये, म्हणजे उत्तरेकडच्या बेटांवर, किती रात्री? एक म्हणाले तर ती टूर सोडा, तिथं जायलाच दिवस मोडतो. अन् बसच्या ड्रायव्हरवर ओरडू नका. साडेचार तास चालवल्यावर त्याला ४५ मिनिटं थांबणं कायद्यानं सक्तीचं आहे, आमच्यातले एकजण त्याला "चल ना बाबा, उशीर होऊन राहिला" म्हणत होते, तो शांतपणे डबा उघडून खात होता.

प्रश्न: आमच्या गावच्या मामा तलावात मी मासे धरतो, तलाव सोसायटीकडे आहे. टूरची आपली ऐपत नाही, पण तुमच्या लेखातला फोटो पाहिला, लाकडाच्या मांडवावर हजारो मासे टांगलेले. ते सडत नाहीत का, किडे पडत नाहीत का? आणि तिथल्या मासेवाल्याला भाव कसा भेटते?
(एक तरुण, जि. गोंदिया)

उत्तर: भाऊ, एवढा सरळ प्रश्न टूरला गेलेल्या चाळीस जणांपैकी एकानेही गाइडला विचारला नव्हता, मीही नाही, मला तो तुमच्यासारख्याच एका माणसामुळे कळला, ते पुढं सांगतो.

तो मासा कॉड. ज्याच्या लिव्हरच्या तेलाच्या पिवळ्या गोळ्या लहानपणी डॉक्टर लिहून द्यायचे, तोच. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत तो उत्तरेच्या बॅरेंट्स समुद्रातून अंडी घालायला लोफोटेनच्या बेटांकडे येतो, अन् ही बेटं एवढ्या उत्तरेला असूनही समुद्र गोठत नाही कारण अटलांटिकचा कोमट प्रवाह तिथपर्यंत पोचतो. मासा धरला, डोकं कापलं, पोट साफ केलं, शेपटीला शेपटी बांधून जोडी केली अन् मांडवावर टांगली. मीठ नाही, काही नाही. फेब्रुवारी ते मे हवा शून्याच्या आसपास असते, म्हणजे मासा गोठून फुटतही नाही अन् सडतही नाही, किडे पाडणाऱ्या माशा बाहेर पडायच्या आधी वरून कडक होऊन जातो. पाच किलोचा साधारण एक किलो उरतो. आपल्याकडं फेब्रुवारीत असं टांगलं तर संध्याकाळपर्यंत गावातली सगळी कुत्री खाली बसतील.

तिथल्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराने मला असा एक वाळका मासा हातात दिला. बाभळीच्या फाट्यासारखा टणक, दुसऱ्यावर आपटला तर टक् आवाज. वास तर अगदी बाजारातल्या सुकटवालीच्या टोपलीचा, आमच्या ग्रुपच्या बाया नाकाला रुमाल लावून बसमध्ये पळाल्या अन् मी तिथंच उभा. त्या म्हाताऱ्याला वाटलं मी गिऱ्हाईक आहे. मग गाइडला मध्ये घालून गप्पा झाल्या. चांगला माल इटलीला जातो. हा इटलीचा नाद कसा, तर १४३२ मध्ये व्हेनिसचा क्वेरिनी नावाचा व्यापारी जहाज फुटून तिथल्या रोस्ट बेटावर लागला, कोळ्यांनी त्याला जगवलं, अन् जाताना तो हा वाळका मासा घेऊन गेला. डोकी वेगळी वाळवून नायजेरियाला जातात, तिथं रश्शात टाकतात. जीभ कापायचं काम शाळेतले पोट्टे करतात, खिळ्यावर डोकं टोचायचं, सुरी फिरवायची, जीभ डब्यात, अन् कमाई त्यांची स्वतःची. दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचून कपडे घेणारे आपले पोट्टे आठवले मला.

आता भाव. १९३८ पासून तिथं मच्छीमारांचीच विक्री संघटना आहे, नॉर्गेस रोफिस्कलाग, उत्तरेकडच्या किनाऱ्यावर मच्छीमाराकडून होणारी पहिली विक्री तिच्या हाताखालीच होते. ती किमान भाव ठरवते अन् त्याच्या खाली मासा घेणं बेकायदा. व्यापाऱ्यानं ठरवलं म्हणून नाही, कायद्यानं. त्याआधी तीसच्या दशकात भाव पडून लोक कंगाल झाले होते, त्यातून हे निघालं. अन् मासेमारीच्या बोटीचा मालकही साधारणपणे तोच होऊ शकतो जो स्वतः समुद्रात जातो, शहरात बसून पैसे लावणारा नाही. आपल्याकडं १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी आली होती, तिचं काय झालं ते तुमच्या बापाला विचारा, अन् हमीभाव आजही जाहीर होतो अन् त्याच्याखाली कापूस जातो तेही डोळ्यापुढंच आहे. म्हातारा मात्र खूश होता असं नाही. मासा संपत आला म्हणून १९९० पासून किनाऱ्यावरच्या लहान बोटींनाही किती मासा धरायचा याचा कोटा लागला, आता ज्याच्याकडं कोटा त्याचंच चालतं, नवीन पोट्ट्याला बोट घेणं जड. तुमच्या सोसायटीत तलावाच्या लिलावाच्या वेळी जे होते तेच, फक्त थंडीत.

अन् लाल लाकडी घरं फोटोत दिसतात ना, ती रोर्बू. सीझनला बाहेरून येणाऱ्या मच्छीमारांनी झोपायला बांधलेल्या खोल्या होत्या, एका खोलीत डझनभर माणूस. इसवी सन ११२० च्या सुमारास एका राजाने पहिल्यांदा बांधून दिल्या म्हणतात. आता त्यात टुरिस्ट झोपतात अन् एका रात्रीचं भाडं ऐकून मच्छीमार हसतो.

प्रश्न: सासूबाईंना घेऊन जूनमध्ये जायचं ठरतंय. त्या संकष्टी करतात, चंद्र पाहिल्याशिवाय जेवत नाहीत. तिथे म्हणे सूर्यच मावळत नाही, मग चंद्रोदय कधी धरायचा?
(एक वाचक ताई, जि. वर्धा)

उत्तर: ताई, मला वाटलं होतं हा प्रश्न फक्त आमच्याच घरी झाला. लोफोटेनमध्ये मेच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य बुडतच नाही, रात्री बारा वाजता तुम्ही अंगणात पेपर वाचाल. अन् चंद्राची गोष्ट उलटी असते. उन्हाळ्यात सूर्य वर असतो म्हणून पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र क्षितिजाला घासून जातो, कधी वर येतच नाही, अन् आला तरी समोर डोंगर. म्हणजे सासूबाईंना उपाशी ठेवायचा पक्का बंदोबस्त.

माझ्या मावशीने जे केलं ते सांगतो. तिने कॅलेंडरमधली आपल्या गावची चंद्रोदयाची वेळ घेतली अन् घरचं घड्याळ वापरलं. उन्हाळ्यात तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असते, म्हणजे घरी रात्रीचे दहा तेव्हा तिथं साडेसहा. घरी व्हिडिओ कॉल लावला, सुनेनं गच्चीवरून चंद्र दाखवला, मावशीनं मोबाइललाच हात जोडले अन् जेवली. शास्त्रात बसतं का हे भटजींना विचारा, माझ्याकडून परवानगी आहे.

जेवणाचं सांगायचं तर ठेचा, शेंगदाण्याची चटणी, खाकरे न्या, पण तूप, खवा, पेढे अन् कोणतंही मांस बॅगेत टाकू नका, युरोपबाहेरून दूध अन् मांसाचं काही आणायला तिथं बंदी आहे. वॅफल सगळीकडं भेटतात अन् ब्राऊन चीज म्हणून एक असतं, चव आपल्या खरवडलेल्या खव्यासारखी, सासूबाईंना आवडेल. झोपायला डोळ्यावरची पट्टी न्या, नाहीतर पहाटे तीनला उठून अंगण झाडायला निघतील.

प्रश्न: माझं उत्पन्न फक्त शेतीचं, इन्कम टॅक्स भरत नाही. व्हिसा भेटते का?
(शेतकरी, जि. बुलडाणा)

उत्तर: भेटते. नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात आहे, म्हणून शेंगेन व्हिसा लागतो, मोठ्या माणसाला ९० युरो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, कमीत कमी पंधरा दिवस आधी, पण तुम्ही दोन-अडीच महिने हातात ठेवा. तुम्ही फिरून परत आल्यानंतरही पासपोर्ट तीन महिने चालू पाहिजे, अन् ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स. सातबारा, आठ-अ, बाजार समितीच्या पट्ट्या अन् बँक स्टेटमेंट लावा, मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर करून. खात्यात ऐनवेळी मोठी रक्कम भरू नका, ते लगेच दिसते.

एक गोष्ट कोणी सांगत नाही ती मी सांगून राहिलो. बोटांचे ठसे द्यावे लागतात, अन् कापूस वेचून, तुऱ्हाट्या उपटून आपल्या बोटांच्या रेषा झिजून जातात. रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नाही तसंच तिथंही होतं. माझ्यासंगं आलेल्या एका भावाला काउंटरवर सहा वेळा बोट ठेवायला लावलं, मागं रांग लागलेली, तो घामाघूम. शेवटी कोणीतरी त्याला हात धुऊन कोरडे करून यायला सांगितलं अन् ठसे उमटले. तारीख घ्यायच्या आधी आठ-दहा दिवस हाताला काम देऊ नका, रात्री खोबरेल लावा, अन् त्या दिवशी मात्र तेल पूर्ण धुऊन जा.

प्रश्न: तुम्ही लिहिलं की तिथल्या पठारावर एका वेळी तीनशेच्या वर हरणं वीज पडून मेली. आमचा मेंढरांचा धंदा आहे, एका विजेनं एवढी जनावरं कशी मरतील? छापताना शून्य जास्त पडलं का?
(मेंढपाळ, जि. अकोला)

उत्तर: शून्य बरोबर आहे. हार्डांगरविड्डा नावाचं उघडं पठार आहे, झाड नाही, आडोसा नाही, जंगली रेनडिअरचे कळप फिरतात. २०१६ च्या ऑगस्टमध्ये तिथं एका वादळात ३२३ रेनडिअर मेले, पिल्लं धरून. वीज प्रत्येकावर पडत नाही. ती जमिनीत शिरते अन् ओल्या जमिनीतून चहूकडं पसरते, जनावराच्या पुढच्या अन् मागच्या पायात अंतर असते, त्या दोन पायांमध्ये करंट अंगातून जातो, थेट छातीतून. माणसाचे दोन पाय जवळ असतात म्हणून माणूस कधी वाचतो अन् त्याच्या बाजूचा बैल मरतो, हे तुम्ही पाहिलं असेल. अन् भ्यालेला कळप एकमेकाला चिकटून उभा राहतो, मग सगळेच एका दमात.

तिथल्या लोकांनी तपासणीसाठी मुंडकी नेली अन् धडं तिथंच राहू दिली, कावळे-कोल्ह्यांसाठी. आपल्याला ते परवडत नाही, आपल्याला पंचनामा लागतो. मृगाच्या तोंडावर ढग गडगडायला लागले की कळप एकट्या झाडाखाली किंवा तारेच्या कुंपणाला लागून उभा करू नका, सखल जागी मोकळा पसरवा, अन् स्वतः दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे झोपू नका. पोट्ट्याच्या मोबाइलमध्ये दामिनी अॅप टाकून ठेवा, सरकारी आहे, फुकट आहे, आसपास वीज पडायची शक्यता असली की दाखवते. फक्त रानात रेंज आहे का ते आधी पाहून घ्या.