युरोपियन पेटंट ग्रांट, म्हणजे मंजूर, झालं. आता ते प्रत्येक देशात लागू कसं करायचं?

तुम्ही विचारलंय की ग्रांटचं पत्र आलं आहे, जर्मनी, फ्रान्स, इटली, स्पेन आणि ब्रिटन हे पाच देश हवे आहेत, आणि तीन महिने हातात आहेत असं ऐकलंय, तर सुरुवात कुठून करायची?

फक्त तीन महिन्यांचा हिशेब धरू नका. तुमची पहिली मुदत एक महिन्याची आहे.

युरोपियन पेटंट बुलेटिनमध्ये ग्रांटची नोंद छापून येते, त्या दिवसापासून घड्याळ चालू होतं. हातात आलेल्या पत्राची तारीख इथे मोजायची नाही. समजा, नोंद १५ जानेवारी २०२५ ला आली. युनिटरी पेटंटची, म्हणजे १८ देशांत एकत्र लागू होणाऱ्या एकाच पेटंटची, विनंती एका महिन्यात करावी लागते. १५ फेब्रुवारीला शनिवार, म्हणून सोमवार १७ तारखेपर्यंत. देशवार व्हॅलिडेशनची, म्हणजे प्रत्येक देशात पेटंट वेगळं लागू करून घेण्याची, मुदत १५ एप्रिल. पहिली तारीख हुकली की १८ देशांचा एकत्र पर्याय जवळजवळ संपतो आणि हातात फक्त देशवार रस्ता उरतो.

युनिटरी पेटंट १ जून २०२३ पासून मिळतं. तुमच्या यादीतले जर्मनी, फ्रान्स, इटली त्यात येतात. स्पेन सामील नाही, ब्रिटन बाहेर आहे. म्हणजे तुम्हाला युनिटरी घेतलं तरी स्पेन आणि ब्रिटन वेगळे करावेच लागतील. त्याचं नूतनीकरण शुल्क (पेटंट चालू ठेवायला दरवर्षी भरायचं) साधारण चार देशांच्या एकत्रित शुल्काइतकं ठरवलेलं आहे. तुमचे त्यातले तीनच देश, त्यामुळे पुढे आणखी देश लागणार नसतील तर देशवार घेणं स्वस्त पडू शकतं. आणि युनिटरी पेटंट एकसंध असतं: काही वर्षांनी इटलीचं शुल्क बंद करून जर्मनीचं चालू ठेवता येत नाही, आणि रद्द झालं तर सगळ्या देशांत एकदम जातं. शिवाय सगळ्या सहभागी देशांत दावे, म्हणजे पेटंटने नेमकं काय राखलंय ते सांगणारी वाक्यं, सारखेच असावे लागतात.

आता भाषांतर. खर्च इथेच होतो आणि चुकाही इथेच होतात. भाषांतराचा बोजा कमी करणाऱ्या लंडन करारामुळे जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन यांना ग्रांटनंतर काहीही भाषांतर लागत नाही. तिथे काम फक्त नूतनीकरण शुल्काचं. नेदरलँड्स, स्वीडन, डेन्मार्क यांना दावे त्यांच्या भाषेत आणि वर्णन इंग्रजीत चालतं. इटली आणि स्पेनला मात्र संपूर्ण मजकूर, वर्णनासकट, त्यांच्या भाषेत द्यावा लागतो. युनिटरीसाठीही सध्या एक पूर्ण भाषांतर लागतं. मूळ प्रक्रिया इंग्रजीत असेल तर युरोपीय संघातल्या कुठल्याही दुसऱ्या अधिकृत भाषेत. ते स्पॅनिश केलंत तर तेच स्पेनच्या व्हॅलिडेशनला वापरता येतं. एका भाषांतरात दोन कामं होतात.

भाषांतरात सगळ्यात आधी दाव्यातला कम्प्रायझिंग हा शब्द तपासा. त्याचा अर्थ ‘यांचा समावेश असलेलं’, म्हणजे आणखी भाग असले तरी चालतं. त्याऐवजी ‘एवढ्यांचंच बनलेलं’ असं झालं, तर एक भाग वाढवून कुणीही तुमच्या दाव्यातून निसटू शकतो. कागदोपत्री मूळ भाषेतला मजकूरच अधिकृत, पण भाषांतर अरुंद असेल तर तेच धरायची मुभा देशांना आहे. दुरुस्ती करता येते, पण तोवर ज्यांनी प्रामाणिकपणे वापर सुरू केला, त्यांना तो पुढे चालू ठेवता येऊ शकतो.

एक बारीक खाच राहते, ती नूतनीकरणाची. ग्रांट ज्या पेटंट-वर्षात (अर्जाच्या तारखेपासून मोजलेल्या) होतं तिथपर्यंतचं शुल्क युरोपियन पेटंट ऑफिसला, पुढचं प्रत्येक देशाला. अर्ज २० फेब्रुवारी २०२० चा असेल, तर वरच्या उदाहरणात सहाव्या वर्षाचं शुल्क फेब्रुवारीअखेर देय होतं. म्हणजे व्हॅलिडेशनची मुदत संपायच्या आधीच! ग्रांटनंतरच्या दोन महिन्यांत देय होणारं शुल्क त्याच दोन महिन्यांत भरलं तर दंड लागत नाही, पण ही तारीख व्हॅलिडेशनच्या कागदांमध्ये सहसा दिसत नाही. ती वेगळी लिहून ठेवा.

देशवार घेतलंत तर युनिफाइड पेटंट कोर्टातून, म्हणजे सहभागी देशांच्या सामायिक पेटंट न्यायालयातून, बाहेर राहण्याचा, म्हणजे ऑप्ट-आउटचा, अर्ज करता येतो. अर्ज सगळ्या खऱ्या मालकांच्या नावाने हवा. रजिस्टरवर जुनं नाव राहिलंय म्हणून तेवढ्यावर केलेलं ऑप्ट-आउट टिकत नाही.

आणि मोरोक्को, ट्युनिशिया किंवा मोल्दोव्हा मनात असतील तर जुनी फाईल आजच उघडा. तिथलं शुल्क शोध-अहवाल प्रसिद्ध झाल्यावर सहा महिन्यांत भरायचं असतं. ते भरलेलं नसेल तर ग्रांटनंतर मागणी करून उपयोग होत नाही. इटली-स्पेनसारख्या देशाचं भाषांतर मुदतीत हुकलं तर निकाल याहून कडक: त्या देशात पेटंट सुरुवातीपासून नव्हतंच असं धरलं जातं. इटली आणि स्पेनच्या एजंटना म्हणूनच अंतिम मजकूर मंजूर करायचं पत्र येतं तेव्हाच कळवायचं. ग्रांटच्या नोंदीची वाट पाहत बसू नका.