रेकॉर्डर आणि ऑर्गनच्या जोडीवर कारकीर्द उभी राहते का?

आपण रेकॉर्डर, म्हणजे सरळ धरून वाजवायची युरोपीय बासरी, वाजवता, आपला मित्र चर्चमधला पाइप ऑर्गन वाजवतो आणि दोघांनी जोडी म्हणून पूर्णवेळ हेच करावे का, असा आपला प्रश्न आहे. केवळ जोडीच्या भरवशावर राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र रेकॉर्डर दुय्यम वाद्य आहे म्हणून नव्हे, आणि तसे कोणी सांगितले तर मुळीच ऐकून घेऊ नये.

मी नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात राहतो आणि एका ऑर्गनवादक मैत्रिणीबरोबर बरीच वर्षे वाजवतो आहे. एका हिवाळ्यात जवळच्या गावातील चर्चमध्ये आम्ही जर्मन संगीतकार टेलेमानचे सोनाटा (वाद्यसंगीताच्या रचना) वाजवले. चर्च गार होते. थंडीत ऑर्गनचा सूर दर अंशाला सुमारे ३ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) उतरतो, म्हणजे तापमान १० अंशांनी घटले की जवळजवळ एक तृतीयांश अर्धस्वर. रेकॉर्डर मात्र वादकाच्या श्वासाने ऊब धरतो आणि चढत जातो. फुंक कमी करावी तर सूर उतरतो खरा, पण आवाजही पडतो. म्हणून मी वाद्याचा जोड किंचित बाहेर ओढून सूर उतरवला आणि मैत्रिणीने ८ फुटी बंद नळ्यांचा एकच मृदू स्टॉप, म्हणजे नळ्यांचा एकच संच, ठेवला. संथ भागात दोन्ही वाद्ये अशी एकरूप झाली की कोणता सूर कोणाचा हे सांगणे कठीण व्हावे. कारण फटीतून आलेली हवा धारदार कडेवर आदळून नाद निर्माण होणे, ही रचना रेकॉर्डरची आणि ऑर्गनच्या शिट्टीसारख्या नळीची (फ्लू नळीची) एकच आहे. त्यानंतर आयोजक मला टाळून मैत्रिणीला म्हणाले, की पुढच्या वेळी आडवी बासरी वाजवणारा आणा, हे शाळकरी मुलांचे वाद्य आहे.

त्या दिवशी मी गप्प राहिलो, पण त्यांचे म्हणणे साफ चुकीचे होते. याच उट्रेख्तमध्ये याकोब फान आइक या अंध घंटावादकाचा पगार १६४९ मध्ये ८० गिल्डरवरून (गिल्डर हे डच चलन) १०० करण्यात आला, तो संध्याकाळी चर्चच्या आवारात फिरणाऱ्यांना त्याने आपल्या छोट्या बासरीवर, म्हणजे रेकॉर्डरवर, रिझवावे म्हणून. डच रेकॉर्डरवादक फ्रान्स ब्रुखेन एकविसाव्या वर्षी हेगच्या रॉयल कॉन्झर्वेटरीत रेकॉर्डरचे प्राध्यापक झाले आणि इटालियन संगीतकार लुचानो बेरिओंनी १९६६ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र रचना लिहिली. शाळकरी वाद्यासाठी हे कोणी करत नाही.

आता आपल्या प्रश्नाकडे वळतो. ब्रुखेन आणि ऑर्गन व हार्पसिकॉर्ड (पियानोआधीचे, तारा छेडून वाजणारे पट्ट्यांचे वाद्य) वाजवणारे गुस्ताफ लेओनहार्ट यांनी चेलोवादक आन्नर बिल्स्मा यांच्यासह हँडेलच्या सोनाटांची ध्वनिमुद्रणे केली, पण त्यांपैकी कोणाचीही कारकीर्द एवढ्यावर उभी नव्हती. लेओनहार्ट ॲमस्टरडॅमच्या वाल्से केर्क या चर्चमध्ये ऑर्गनवादक होते, शिकवत होते, बाखचे कँटाटा (गायन आणि वाद्यांच्या रचना) ध्वनिमुद्रित करत होते. ब्रुखेन यांनी १९८१ मध्ये स्वतःचा वाद्यवृंद उभारला. इंग्लंडमध्ये रेकॉर्डरवादक कार्ल डोल्मेच आणि हार्पसिकॉर्डवादक जोसेफ सॅक्सबी यांची जोडी कित्येक दशके टिकली, परंतु डोल्मेच घराण्याचा वाद्ये बनवण्याचा व्यवसाय होता. माझी मैत्रीण रविवारची उपासना वाजवते आणि मी शिकवण्या घेतो.

म्हणून मित्राने आधी एखाद्या चर्चमधले ऑर्गनवादकाचे पद मिळवावे, कारण ऑर्गनची किल्ली त्या पदाबरोबर येते आणि किल्लीवाचून सराव होत नाही. आपण शिकवण्या घ्याव्यात. कार्यक्रमाआधी दोन्ही वाद्ये त्याच जागेत, त्याच तापमानात जुळवून पाहावीत. हे सारे नेदरलँड्समधल्या अनुभवावरून लिहिले आहे. भारतात पाइप ऑर्गन मोजक्याच चर्चमध्ये असल्यामुळे तेथे छोटा सुटा ऑर्गन किंवा हार्पसिकॉर्ड शोधावा लागेल. आणि आयोजकाने रेकॉर्डरऐवजी आडवी बासरी मागितली, तर मानधन कितीही असो, तो कार्यक्रम घेऊ नये.