सोरोरिटीचं नंतर, आधी ती पॉलिसी बघा

पत्र : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सोरोरिटीत (कॉलेजातल्या मुलींच्या सभासद-संघटनेत) जायचं म्हणते. वर्षाला २,४०० डॉलर ड्यूज (वर्गणी), पहिल्या वर्षी वर ८००. पुढे नोकरीसाठी ओळखी होतील, असं तिचं म्हणणं. तिच्या शिक्षणासाठी आठ वर्षांपूर्वी तिच्या नावावर आययूएल पॉलिसी (शेअर बाजाराच्या इंडेक्सला जोडलेला आयुर्विमा) घेतली, महिना ५०० डॉलर. आज खात्यात ४१,००० दिसतात, सरेंडर केली तर ३३,०००. हप्ता झेपावा म्हणून ह्यांनी ४०१(के), म्हणजे नोकरीतली निवृत्तीची बचत, बंद केलं. पगार १,२०,०००, कंपनी ६ टक्क्यांपर्यंत निम्मी भर घालते. पॉलिसीवर कर्ज काढून ड्यूज भरावेत का?

उत्तर : कर्ज काढू नका. ड्यूज महिन्याला २०० पडतात. घरखर्चातून निघत असतील तर भरा, नाहीतर मुलीला स्पष्ट सांगा. मैत्रिणी मिळतील, घरापासून लांब आधार मिळेल, त्याचं मोल आहे. नोकरीची आशा मात्र हिशोबात धरू नका.

तीन वर्षांचा तो खर्च ८,०००. आता ४०१(के) बघा. पगाराचे ६ टक्के म्हणजे ७,२००, त्यावर कंपनीचे ३,६००. आठ वर्षांत जवळपास २९,००० डॉलर तुम्ही नाकारलेत, तेही वाढ न धरता. आणि कशासाठी? भरले ४८,०००, हातात येणार ३३,०००. विम्याचा खर्च आणि फी दरमहा कापली जाते, इंडेक्स वाढला तरी व्याजाला कमाल मर्यादा असते, आणि सरेंडर चार्ज (पॉलिसी लवकर मोडल्याचा दंड) बहुधा दहा ते पंधरा वर्षं चालतो. मुलीच्या कमाईवर कोणी अवलंबून नाही. तिचा विमा कोणासाठी? शिक्षणाचा फंड म्हणून हे विकणं चूक आहे. 'फाफ्सात (कॉलेजच्या सरकारी आर्थिक मदतीच्या अर्जात) पॉलिसी धरत नाहीत' हे एजंट हमखास सांगतात. खरं आहे, पण ४०१(के) मधली शिल्लकही धरत नाहीत.

याच आठवड्यात एचआरला कळवून ६ टक्के सुरू करा. मग विमा कंपनीकडून लेखी मागवा : हप्ता बंद केल्यास पॉलिसीचं काय होईल याचं इन-फोर्स इलस्ट्रेशन (पुढच्या वर्षांचा अंदाज-तक्ता), आणि सरेंडर चार्जचा वर्षवार तक्ता. पुढच्या वाढदिवसाला (पॉलिसीच्या) चार्ज २,००० ने उतरणार असेल आणि तोवरची कापणी त्याहून कमी असेल, तर थांबा. नसेल तर सरेंडर करून पैसे ट्यूशनला लावा. भरल्यापेक्षा कमी मिळतंय म्हणून कर नाही. तोट्याची वजावटही नाही. मिस्टरांचा टर्म विमा नसेल तर तो आधी घ्या. घर त्यांच्या पगारावर चालतं.

सोरोरिटीकडून मुलीने सगळा खर्च लेखी घ्यावा : इनिशिएशन (सदस्य करून घेण्याचा विधी), बॅज, हाउस फी, बैठक चुकल्यास दंड. टी-शर्ट, फॉर्मलचे कपडे, 'लिटल'साठी (तिच्याकडे सोपवलेल्या नव्या सदस्येसाठी) भेटी यादीत नसतात, पण खर्च होतोच. हाउसमध्ये राहणं सक्तीचं आहे का, किती सेमिस्टर? तिथलं भाडं-जेवण डॉर्मपेक्षा स्वस्त असेल तर ड्यूजचा मोठा भाग तिथेच वसूल होतो. महाग असेल तर खरा खर्च २,४०० नाहीच. हे आकडे रिक्रूटमेंटच्या (सदस्य निवडीच्या) शेवटच्या फेरीआधी हातात हवेत. त्या फेरीनंतर मुली पसंतीक्रम लिहून सही करतात आणि ती बंधनकारक असते : यादीतल्या चॅप्टरची (सोरोरिटीच्या कॅम्पसवरच्या शाखेची) बिड (सदस्यत्वाचं निमंत्रण) आली आणि तिने नाकारली, तर पुढच्या वर्षीच्या रिक्रूटमेंटपर्यंत त्या कॅम्पसवरच्या पॅनहेलेनिकच्या (सोरोरिटींच्या महासंघाच्या) दुसऱ्या कोणत्याही सोरोरिटीत तिला जाता येत नाही. परवडत नाही तो चॅप्टर यादीत लिहूच नये.