मित्रांत चार पायलट, तीन स्कूबा डायव्हर, मी दोन्ही नाही. त्यांच्यासोबत अंदमानला जाऊ का?

तुमच्या मित्रांपैकी चौघांकडे हौशी पायलटचा परवाना, तिघे स्कूबा करणारे, तुम्ही दोन्ही नाही. सगळ्यांच्या डोक्यात एकच घोळतंय, की स्वतः विमान उडवत आठवडाभर अंदमानला जायचं. हे जमेल का, आणि आपण ओझं तर होणार नाही, असं तुम्ही विचारलंय.

मी गोंदियाजवळ, बिरसीच्या धावपट्टीच्या अलीकडे एका गावात खानावळ चालवतो. बिरसीला विमान शिकायला देशभरातली पोरं येतात. होस्टेलच्या जेवणाला कंटाळली की रविवारी आमच्याकडे पातोडीचा रस्सा ओरपायला हजर. त्यातल्याच एका टोळीनं मागे फेब्रुवारीत मला अंदमानला ओढून नेलं. आता त्यातले बहुतेक घरचे धंदे सांभाळून हौसेपुरते उडतात, आणि तिघं-चौघं पाण्याच्या नादी लागलीत. मी नाही नाही म्हणत होतो. बायको म्हणाली, "जा नं बाप्पा, बांधीतलं धान काय उठून पळून चाललं?"

स्वतः विमान नेण्याचं तेवढं डोक्यातून काढा. आमच्या पोरांनीही गावी बसून नकाशावर खूप पट्ट्या लावल्या होत्या. चेन्नई ते पोर्ट ब्लेअर सरळ रेषेत सुमारे १३७० किलोमीटर, मध्ये टेकायला एक दगड नाही, नुसता बंगालचा उपसागर. क्लबात असतं ते चार सीटचं सेस्ना १७२ टाकी भरून जेमतेम पावणेबाराशे किलोमीटर जातं. शिवाय पोर्ट ब्लेअरचा (आता श्रीविजयपुरम) विमानतळ नौदलाचा, तिथं हौसेखातर उतरणं सोपं नाही. मंग आम्ही सगळे नागपूरहून चेन्नईमार्गे साध्या तिकिटावर गेलो. चार पायलट प्रवासी म्हणून बसले, की वैमानिकानं विमान कसं टेकवलं यावर अर्धा तास वाद घालतात, एवढी तयारी ठेवा.

खरी गोम वेगळी आहे. हे दोन छंद एकमेकांचे वैरी आहेत, आणि तुमच्या मित्रांना ते माहीत असलं तरी सुटीत विसरायला होतं. पाण्याखाली दर दहा मीटरला दाब जमिनीवरच्या हवेच्या दाबाइतका वाढतो. त्या दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात, मांसात मुरत जातो. वर आल्यावर तो सावकाश बाहेर पडतो, त्याला तासन्‌तास लागतात. त्याआधीच उंचावर गेलात तर बाहेरचा दाब कमी होतो आणि तो आतल्या आत बुडबुडे धरतो. आमच्या धंद्यात सांगायचं तर कुकरची वाफ जाऊ न देता झाकण उपटलं की वरण छताला. सांधे ठणकणं, मुंग्या येणं, आणि वाईट झालं तर लकवा. प्रवासी विमानातही आतला दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखाच असतो, त्यामुळे मोठ्या विमानात बसलो म्हणजे सुटलो, असं नाही.

साधा हिशोब असा: एकच साधी बुडी मारली असेल तर विमानाआधी किमान १२ तास. रोज, दिवसाला दोन-तीन बुड्या मारल्या असतील तर किमान १८. टप्प्याटप्प्यानं थांबत वर यावं लागलं असेल, तर चोवीस तास तरी जाऊ द्या.

इथं माझी वही कामी आली. खानावळीची सवय, कुणी किती पोळ्या खाल्ल्या ते लिहायचं. हॅवलॉकला (स्वराज द्वीप) पहिल्या दिवशी बोटीवर रिकामा बसलो होतो, तर कोण किती वाजता पाण्यातून वर आलं ते लिहीत सुटलो. तीन दिवसांत पानभर झालं. शुक्रवारी सकाळी फेरीबोटीनं पोर्ट ब्लेअरला परतलो, शनिवारी सकाळी नऊला विमान. तर आमच्यातला एक पठ्ठ्या, तो पायलटही आणि डायव्हरही, दुपारी म्हणाला, "चिडिया टापूला एक शेवटची मारून येतो, चार वाजता बाहेर. बारा तासांचा नियम मला पाठ आहे." मी वही पुढे केली. तीन दिवसांत त्याच्या नावावर सात बुड्या होत्या. चार ते नऊ म्हणजे सतरा तास, आणि त्याला लागू होते अठरा. तो म्हणाला, "काका, एका तासानं काय होते?" मी म्हटलं, "उधारीतही तू असंच म्हणतोस." बाकीचे हसले, तो फुगून बसला, पण गेला नाही. त्या दुपारी आम्ही सेल्युलर जेल पाहिला. सात बाह्यांपैकी तीनच उरल्यात. सावरकरांच्या कोठडीत गेल्यावर त्याचा फुगाही उतरला.

आता तुमच्याबद्दल. पोहता येत असो-नसो, शिकवणाऱ्यासोबतची पहिली बुडी मारता येते. ती बारा मीटरपर्यंतच नेतात आणि तो माणूस मागून टाकी धरूनच असतो. मी लहानपणापासून गावच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, सूर मारलेत, तळाची मूठभर माती वर आणून दाखवायची शर्यत असायची, तेव्हा वाटलं आपल्याला काय शिकवणार! नेमकं तेच अंगाशी आलं. बोडीत श्वास कोंडायचा असतो, इथं कोंडायचाच नाही. दहा मीटरवर भरलेली छाती तशीच कोंडून वर आलात तर आतली हवा दुप्पट फुगते आणि फुफ्फुस फाटू शकतं. माझी सवय जाता जाईना. पोरगेल्या शिक्षकानं दोनदा माझ्या छातीवर बोट टेकवून 'सोडा, सोडा' अशी खूण केली. तिसऱ्यांदा मीच मोठ्यानं बुडबुडे काढून दाखवले. अशी विहिरीत, तळ्यात घडलेली सवय तुम्हालाही असेल, तर आधीच सांगून ठेवा.

कान दुखायला लागायच्या आधीच नाक दाबून हलकेच फुंकायचं, तेही दर हात-दोन हात खाली गेल्यावर. सात-आठ मीटरवर माझ्या मनगटातला लाल धागा काळपट दिसायला लागला. पाणी सगळ्यात आधी लाल रंगच गिळतं, हे तिथं कळलं. आणि एक आवाज येत होता, कोठीत रात्री उंदीर धान कुरतडतो तसा, करकर. वर आल्यावर विचारलं तर म्हणाले, तो पोपटमासा, चोचीनं प्रवाळ खरवडतो.

बाकी किरकोळ. दमा, हृदयाचा त्रास किंवा कानाचं ऑपरेशन झालं असेल तर फॉर्मवर खरं लिहा आणि आधी डॉक्टरला विचारा. सर्दी असेल तर गोळी खाऊन पाण्यात उतरू नका, गोळीचा असर खालीच संपला की वर येताना कान आणि कपाळ दोन्ही धरतात. तिकडे फेब्रुवारीत साडेपाचलाच सूर्य बुडतो आणि सकाळी साडेसहाला बोट सुटते, म्हणजे गप्पा लवकर आटपायच्या. प्रवाळाचा तुकडा खिशात घालू नका, तो वन्यजीव कायद्याखाली येतो आणि विमानतळावर पकडतात. हवामानानं फेरीबोट रद्द होते, म्हणून परतीआधीचा अख्खा दिवस पोर्ट ब्लेअरमध्येच राहा. तसाही तो कोरडाच काढायचा आहे.

तर या. जाताना एक वही आणि दोन बॉलपेन घ्या. एक माझं समुद्रात पडलं होतं.