एकट्याने केलेल्या सोलो लँडिंगमध्ये विमान उसळून पुढचं चाक मोडलं. मुलाचं पायलट होणं संपलं का?

नाही, संपलेलं नाही. मी फ्लाइंग इन्स्ट्रक्टर आहे. तुम्ही लिहिलंय की सेसना १७२ धावपट्टीवर दोनदा उसळलं, मग पुढचं चाक मोडलं आणि प्रोपेलर जमिनीला घासला. मुलगा स्वतःच्या पायांनी बाहेर आला, हे फार मोठं आहे. तरी मान-पाठ डॉक्टरांना दाखवाच. असा हिसका कधीकधी दुसऱ्या दिवशी जाणवतो.

हे विमान फ्लॅप्स, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, पूर्ण खाली सोडून ६० ते ७० नॉटने (ताशी साधारण ११० ते १३० किमी) उतरायला येतं. ६५ ऐवजी ७५ ने आलं तर फरक दहाचाच दिसतो, पण जिरवायची ऊर्जा जवळपास एक तृतीयांशाने वाढते. त्यात सोलोला शेजारची सीट रिकामी. तेवढं वजन कमी झालं की विमान जमिनीलगत तरंगत राहतं, टेकायचं नावच घेत नाही. मुलं मग ते दामटून टेकवायला जातात. चाकं आपटून विमान उसळतं, नाक वर जातं. घाबरून योक (विमानाचं हँडल) पुढे ढकलला की मुख्य चाकांच्या आधी पुढचं चाक आपटतं आणि पुढची उसळी आणखी मोठी बसते. पुढच्या चाकाचा नाजूक दांडा असे दणके किती सोसणार!

पहिली उसळी शिकताना सगळ्यांनाच बसते. घात होतो तो त्यानंतरच्या ‘आता उतरवतोच’ या हट्टाने. मोठी उसळी बसली की थ्रॉटल (इंजिनाची पॉवर वाढवणारा दांडा) पूर्ण पुढे, फ्लॅप्स २० अंशांवर, ६० नॉटने चढायचं आणि पुन्हा सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवती फेरी मारून परत उतरायला यायचं. यालाच गो-अराउंड म्हणतात. खरी मेख इथे आहे: उतरण्यासाठी ट्रिम केलेलं, म्हणजे उतरायच्या वेगाला योकवर जोर लागू नये असं जुळवलेलं विमान पूर्ण पॉवर मिळताच नाक झपकन वर काढतं, ते धरून ठेवायला चांगला जोर लागतो. बऱ्याच मुलांनी गो-अराउंड ३०० फुटांवरून केलेला असतो, जमिनीपासून पाच फुटांवर कधीच नाही. ही शिकवण्यातली उणीव आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

चौकशीची धास्ती घेऊ नका. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, म्हणजे अ‍ॅनेक्स १३ प्रमाणे, अपघाताच्या तपासाचा हेतू पुढचे अपघात टाळणं हा असतो, कुणाला दोषी ठरवणं नाही. मुलाने मात्र कुणी काही पढवण्याआधी सगळं लिहून काढावं: वेग किती होता, फ्लॅप्स किती, टेकताना नजर धावपट्टीच्या टोकाकडे होती की विमानाच्या नाकापुढच्या जमिनीवर. आणि पुढच्या सोलोआधी इन्स्ट्रक्टरसोबत अगदी टेकता टेकता गो-अराउंड करायचा सराव मागून घ्या.