तिसरी नीट आणि वहीतले मागचे पान

पत्र: सावंतवाडी तालुक्यात माझा काजू प्रक्रियेचा लहान कारखाना आहे. मुलगी बारावी विज्ञान शाखेतून, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही विषय घेऊन, ७९ टक्क्यांनी उत्तीर्ण झाली. नीट दोनदा दिली. दोन्ही वेळा शासकीय महाविद्यालय मिळण्याइतके गुण पडले नाहीत. तिसऱ्या प्रयत्नासाठी क्लासचे पैसे भरले आहेत. आता ती म्हणते, फूड टेक्नॉलॉजी करून अन्नउद्योगात जे वाया जाते त्यावर काम करायचे आहे. सर्क्युलर इकॉनॉमी की काय, असे काहीतरी ती वाचत असते. नीटच्या वहीच्या मागच्या पानांवर काजूच्या बोंडांचा (बी जिला लागते त्या रसाळ फळांचा) आणि टरफलांचा हिशेब मांडत बसते. तिचे लक्ष कुठे आहे ते कळावे म्हणून त्यातले एक पान फाडून सोबत जोडले आहे. मी आयुष्यभर काजूच्या चिकात हात काळे केले, ते मुलीने कचरा उपसावा म्हणून नव्हे. ती हल्ली आमच्याबरोबर जेवायलाही बसत नाही. तिला समजावणारे चार शब्द लिहावेत. (एक पालक, सिंधुदुर्ग)

उत्तर:

नमस्कार.

मुलीला समजावणारे चार शब्द तुम्ही मागितले आहेत. ते मी लिहू शकत नाही, कारण पत्र दोनदा वाचल्यावर समजावण्याची गरज मला तिच्यापेक्षा तुम्हाला अधिक वाटली. तुमचा अवमान करण्याचा हेतू यात नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पत्रात गुण आहेत, प्रयत्नांची संख्या आहे, फीचा उल्लेख आहे; पण मला अस्वस्थ करून गेले ते शेवटाकडे जाता जाता लिहिलेले वाक्य, ती हल्ली आमच्याबरोबर जेवायलाही बसत नाही, हे. तुम्ही ते तिच्या हट्टाचा दाखला म्हणून लिहिले असावे. एकाच परीक्षेत दोन-दोन वर्षे अडकलेल्या घरांमध्ये ताटावर काय बोलले जाते, ते मी पालकांकडून आणि त्यांच्या मुलांकडून वेगवेगळे ऐकत आलो आहे. पालक त्याला चौकशी म्हणतात, मुले उलटतपासणी म्हणतात. या वयाची मुलगी जेवणाची वेळ चुकवू लागते तेव्हा बहुधा ती अन्न टाळत नसते, प्रश्न टाळत असते. म्हणून पुढचे पंधरा दिवस जेवताना घरातल्या कोणीही नीटचे नाव काढू नये, ही माझी पहिली आणि सर्वांत आग्रहाची सूचना आहे. तेवढ्यानेही ती मोकळी झाली नाही, झोप उडालेली दिसली, बोलणे तुटलेलेच राहिले, तर अभ्यासक्रमाची सगळी चर्चा बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांची भेट घ्या, किंवा १४४१६ या टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या शासकीय, क्रमांकावर फोन करा. प्रवेश वर्षभराने घेतला तरी चालतो, या गोष्टीला उशीर चालत नाही.

दुसरी गोष्ट त्या पानाची. दुसऱ्याच्या वहीतले पान फाडून तिऱ्हाइताकडे पाठवणे हे, ती वही आपल्या मुलीची असली तरीही, योग्य झाले नाही. तिला ते कळले असेल तर तिने तुमच्याशी का बोलावे, हा प्रश्न स्वतःला विचारून पाहा. तुम्ही ते पान पुरावा म्हणून पाठवलेत. मीही ते पुरावा म्हणूनच वाचले, मात्र माझा निकाल उलट लागला. त्यावर तिने लिहिले आहे की शंभर किलो बी फोडली तर सुमारे पंचवीस किलो गर मिळतो, सत्तर किलोच्या आसपास टरफल निघते, बाकी साल आणि तूट. पुढे त्या शंभर किलो बीसोबत झाडावर वाढलेली बोंडे तिने सहाशे किलो धरली आहेत, आणि खाली एकच ओळ आहे: "म्हणजे सातशे किलोंतले पंचवीस किलो विकण्यासाठी आपण कारखाना चालवतो." बोंडाचे वजन बीच्या पाच ते दहा पट असते, त्यामुळे तिचा अंदाज मुळीच वाढवलेला नाही. वर्षानुवर्षे काजूच्या धंद्यात असलेल्या माणसांपैकी किती जणांनी हा हिशेब असा समोर मांडून पाहिला असेल, मला शंका आहे. नीटच्या वहीत लक्ष नसलेल्या मुलीचे हे लिखाण नव्हे. जिचे लक्ष एका प्रश्नावर पक्के बसले आहे, तिचे ते आहे.

आता तुमच्या काळ्या हातांविषयी. टरफलातल्या तेलाने कातडी कशी भाजते आणि हंगामभर बोटांचे डाग कसे जात नाहीत, हे मी बी सोलणाऱ्या बायांच्या राख लावलेल्या हातांवर पाहिले आहे. त्यामुळे मुलीने पांढरा कोट घालावा ही तुमची इच्छा मला कळते. पण त्या इच्छेच्या आड आपल्या धंद्याची लाज लपली आहे असे मला पत्रातून जाणवले, आणि तुमच्या मुलीला ते माझ्या कितीतरी आधी जाणवले असणार. ज्या कारखान्याच्या पैशावर तिचे शिक्षण झाले, त्याच कारखान्याकडे कुतूहलाने पाहिल्याबद्दल तिला दटावले जात आहे. हा दबाव दोन परीक्षांच्या दबावापेक्षा जड आहे, कारण त्याला निकालाची तारीख नसते.

आणि "कचरा उपसणे" या शब्दांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण हा गैरसमज केवळ तुमचा नाही. या विषयाचा प्रचार करणाऱ्यांचाही आहे. चक्रीय अर्थव्यवस्था (तिची ती सर्क्युलर इकॉनॉमी) म्हणजे उरलेल्या अन्नाचे खत किंवा गॅस करणे, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात खत आणि गॅस या सर्वांत खालच्या पायऱ्या आहेत, आणि तिथवर पोहोचेपर्यंत मालाची बहुतेक किंमत संपलेली असते. पहिली पायरी वाया जाऊ न देण्याची. दुसरी उरलेले माणसाच्याच पोटी जाईल असे पाहण्याची, ज्यासाठी आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९ साली अतिरिक्त अन्नाच्या वाटपाचे स्वतंत्र नियम केले. मग पशुखाद्य, मग तेल, रंग, तंतू यांसारखे पदार्थ, आणि त्यानंतर इंधन व खत. माल यांतल्या कोणत्या पायरीवर थांबेल ते बरेचसे पहिल्या काही तासांत ठरते: तो वेगळा ठेवला का, त्यात पाणी किती आहे, तो आंबायला लागला का. पनीरच्या कारखान्यात शंभर लिटर दुधामागे ऐंशी लिटरांच्या वर निवळी, म्हणजे दूध फाटल्यावर सुटणारे पाणी, उरते. ती ताजी आणि थंड ठेवली तर तिच्यातून प्रथिने आणि दुग्धशर्करा काढता येते. तीच गटारात सोडली तर नाल्यातल्या पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. साखर कारखान्यांच्या भागात बगॅसला, म्हणजे उसाच्या चोथ्याला, कोणी कचरा म्हणत नाही, कारण त्यावर बॉयलर चालतो आणि उरलेली वीज विकली जाते. मळीपासून इथेनॉल होते. मात्र तिथेही वर्तुळ आपोआप पूर्ण झालेले नाही. मळीपासून मद्यार्क काढताना पारंपरिक पद्धतीत एका लिटरमागे आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे आसवनीचे सांडपाणी, निघतो, आणि आसवनीच्या परिसरात राहणाऱ्या माणसाला त्याविषयी वेगळे सांगावे लागत नाही. एका उपपदार्थातून दुसरा त्रास उभा राहतो आणि तो सोडवायला रसायनशास्त्र, यंत्रे आणि हिशेब तिन्ही जाणणारा माणूस लागतो. तुमच्या मुलीला हे काम करायचे आहे. फावडे घेऊन उकिरड्यावर उभे राहण्याचे नव्हे.

खरे तर या कामात तुम्ही स्वतःच आहात. पानावर तिने "टरफल व्यापारी नेतो, पुढे काय?" असे लिहून प्रश्नचिन्ह काढले आहे. पुढे असे होते की टरफल पिळून तेल काढतात. ते तेल गाड्यांच्या ब्रेकच्या अस्तरांत, रंगांत आणि रेझिनांत वापरले जाते, आणि पिळून उरलेला चोथा भट्टीत जळणाला जातो. ज्याने तुमचे हात काळे झाले त्यालाच बाजारात गिऱ्हाईक आहे, म्हणून तर व्यापारी दारात येतो. तुमच्या आजीने कोकमाच्या बियांपासून मुठेल (थिजून गोळा होणारे कोकमाचे तेल) काढले असेल, तर तिलाही हे शास्त्र ठाऊक होते, फक्त त्याला इंग्रजी नाव नव्हते. युरोपीय संघाच्या २००० सालच्या चॉकलेटविषयक निर्देशात कोकोच्या लोण्याखेरीज ज्या सहा वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थांना, तयार मालाच्या पाच टक्क्यांपर्यंत, परवानगी दिली आहे, त्यांत कोकमाचे तेल आहे आणि आंब्याच्या कोयीचेही आहे. टाचांच्या भेगांना लावायच्या त्या गोळ्याची वर्णी कुठे लागली, हे मुलीला सांगा. बापलेकींना बोलायला नीटपेक्षा बरा विषय मिळेल.

तिची बाजू घेतो आहे म्हणून तिचे सगळेच बरोबर आहे असे मात्र नाही. सहाशे किलो बोंडे कागदावर धरणे सोपे असते. प्रत्यक्षात ती डोंगरउतारावर विखरून पडतात, पडताना ठेचतात, कोकणच्या उन्हात दिवसभरात आंबू लागतात. ती त्याच दिवशी गोळा करून आणण्याची मजुरी तिच्या हिशेबात कुठेच नाही. बोंडाचा रस तुरट असतो, घसा खवखवतो. साबुदाण्याची किंवा तांदळाची पेज घालून त्यातला तुरटपणा खाली बसवता येतो, पण त्यासाठीही वेळ, भांडी आणि स्वच्छतेची शिस्त लागते. गोव्यात याच बोंडांची फेणी होते आणि तिला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले, तरी तिथे पिढ्यान्पिढ्यांची भट्टी आणि तयार गिऱ्हाईक आहे, ते तुमच्या अंगणात लगेच उगवणार नाही. सर्वांत मोठी अडचण हंगामाची आहे. बोंडे फार तर तीन-चार महिने मिळतात, मग उरलेले आठ महिने यंत्राने काय करायचे? काजूमागून आंबा, कोकम, जांभूळ, फणस अशी फळे एकामागून एक प्रक्रियेला घेऊन एकच यंत्रसामग्री अधिक काळ चालवता येते का, हा तिचा खरा अभ्यासाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मोबाइलवरच्या उत्साही चित्रफितींत मिळणार नाही. प्रक्रिया अभियांत्रिकी, अन्नरसायन आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकल्यावर कदाचित मिळेल. या विषयाची गोडी हिशेब जुळेनासा झाल्यावरही टिकते का, ते तिने स्वतःला विचारावे.

मार्गांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. गणित असल्यामुळे एमएचटी-सीईटी देऊन मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत किंवा कृषी विद्यापीठांच्या अन्नतंत्र महाविद्यालयांत (परभणीचे त्यांतले जुने), आणि जेईई मेन देऊन कुंडली व तंजावरच्या निफ्टेम या राष्ट्रीय अन्नतंत्र संस्थांमध्ये प्रयत्न करता येतो. पुढे म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेची एम.एस्सी. आहे. त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचून पात्रता स्वतः तपासावी. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, आणि पहिली नोकरी एखाद्या दूधसंघात रात्रपाळीला नमुने तपासण्याचीही असू शकते, हे तिने गृहीत धरावे.

तिसऱ्या नीटविषयी माझे मत स्पष्ट आहे. ती स्वतःहून, कोणी समोर नसताना, मला पुन्हा परीक्षा द्यायची आहे असे म्हणत असेल तर जरूर द्यावी. तुम्ही भरलेली फी हे तिने परीक्षा देण्याचे कारण होऊ शकत नाही. क्लासने पैसे परत केले नाहीत तर ते नुकसान सोसा, कारण पर्याय म्हणजे तेवढ्या पैशांमागे तिचे आणखी एक वर्ष घालवणे. आणि माझे हे पत्र वाचून एकदम दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. "मग उद्यापासून कारखान्यातच बस" हे वाक्य कौतुकाने म्हटले तरी तिला शिक्षेसारखेच वाटेल. तिला आधी पदवी घेऊ द्या, नंतर दोन-तीन वर्षे दुसऱ्याच्या कारखान्यात दुसऱ्याचे बोलणे ऐकत काम करू द्या. तुमचा कारखाना तिला हवा आहे की नको, ते त्यानंतर तिलाच कळेल, आणि नको वाटला तर तेही तुम्हाला ऐकावे लागेल.

वहीचे पान या पाकिटातून परत पाठवत आहे. त्यावर मी पेन्सिलीने दोनच खुणा केल्या आहेत: बोंडांच्या बेरजेपुढे "गोळा करण्याची मजुरी?" असे लिहिले आहे, आणि टरफलाच्या प्रश्नचिन्हापुढे तेलाचा उल्लेख केला आहे. पान टपालातून आले असे सांगून टेबलावर ठेवू नका. तुम्हीच फाडले होते हे सांगून तिच्या हातात द्या. मजुरीचा आकडा तुमच्याइतका नेमका दुसऱ्या कोणाकडे नसेल, तो तिने विचारला तर सांगा.