'अतिभूमितीय' नव्हे, 'अतिगुणोत्तर'

प्रश्न : पुण्यातल्या एका महाविद्यालयात गणिताचं व्याख्यान आहे, त्याचं मराठी पत्रक करायचं काम माझ्याकडे आलंय. विषय मी असा उतरवला : 'अतिभूमितीय फलने आणि वर्गीकृत परिमेय नकाशे वापरून एकघाती अवकल समीकरणे सोडवणे'. मूळ इंग्रजी 'क्लासिफाइड'साठी 'वर्गीकृत' ऐवजी 'गोपनीय' हवं, असं एका सहकाऱ्याचं म्हणणं. कोणतं बरोबर? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : 'गोपनीय' नको. त्याचं कारण पुढे सांगतो, कारण तुम्ही ज्याबद्दल विचारलंच नाही तो 'अतिभूमितीय' मला जास्त खुपतो आहे. हल्ली तो व्याख्यानांत, टिपणांत, अनुवादांत सगळीकडे ऐकू येतो आणि दर वेळी ऐकणाऱ्याला वाटतं की भूमितीच्या पलीकडची कसली तरी भूमिती असणार. त्या फलनाच्या (फंक्शनच्या) नावाचा त्रिकोण-वर्तुळांशी थेट संबंध नाही.

मूळ इंग्रजी शब्द 'हायपरजिओमेट्रिक'. त्यातला 'जिओमेट्रिक' म्हणजे शाळेत 'भूमितीय श्रेढी' म्हणून शिकवतात ती श्रेढी : २, ४, ८, १६. प्रत्येक पद मागच्या पदाला एकाच संख्येने गुणून मिळतं. ग्रीकांकडे या नावात भूमिती होती, कारण ४ ही बाजू घेऊन काढलेल्या चौरसाचं क्षेत्रफळ २ आणि ८ बाजूंच्या आयताइतकं भरतं. आपल्या जुन्या गणितात मात्र या श्रेढीच्या नावाला भूमितीची वाट घ्यावी लागली नाही. आपलं नाव 'गुणोत्तर', आणि ते ग्रीक नावापेक्षा नेमकं आहे.

'उत्तर' म्हणजे इथे प्रश्नाचं उत्तर नव्हे. श्रेढीत एका पदावरून पुढच्या पदावर जाताना जी वाढ होते ती 'उत्तर'. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये हा शब्द याच अर्थाने वापरला. वाढ बेरजेने न होता गुणाकाराने झाली, की ते गुणोत्तर. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) श्रेढीव्यवहारात एक उदाहरण आहे : एका दात्याने पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज 'द्विगुणोत्तर' देण्याचं कबूल केलं, तर महिन्याभरात किती निष्क (त्या काळचं मोठं नाणं) झाले? तीस दिवसांत २,१४,७४,८३,६४६ कवड्या होतात, म्हणजे १,०४,८५७ निष्क आणि वर थोडी किरकोळ नाणी. याच 'लीलावती'ची गणेश दैवज्ञांच्या 'बुद्धिविलासिनी' टीकेसह छापलेली आवृत्ती पुण्याच्याच आनंदाश्रमाने १९३७ मध्ये काढली. पत्रक पुण्यात निघणार आहे, तेव्हा निदान हा शब्द परका म्हणून टाकू नये.

आता 'गुण'. माझ्या मते सगळी गंमत या शब्दात आहे. संस्कृतात गुण म्हणजे दोरीचा पदर, धागा, धनुष्याची दोरी. दोन पदरांची दोरी ती द्विगुण, तीन पदरांची त्रिगुण. 'इतक्या पट' हा अर्थ त्या पदरांतूनच आला. 'द्विगुण' प्राकृतातून झिजत मराठीत 'दुणा' झाला आणि 'बे दुणे चार' म्हणताना आपण आजही दोरीचे पदरच मोजतो. शाळेच्या पुस्तकांनी 'गुणोत्तर' दोन संख्यांच्या भागाकारापुरतं आखडून टाकलं आणि श्रेढीला 'भूमितीय' हे उसनं नाव दिलं. 'अतिभूमितीय'ची चूक तिथून सुरू होते.

आता 'अति'. 'हायपर' हा उपसर्ग इंग्रज गणिती जॉन वॉलिसने १६५६ च्या आपल्या ग्रंथात अशा श्रेढीला लावलं, जिच्यात गुणणारी संख्याच पदोपदी बदलत जाते. जर्मन गणिती गाउसने १८१२ मध्ये जिचा सखोल अभ्यास मांडला त्या मालिकेत पुढच्या पदाचं मागच्या पदाशी गुणोत्तर (अ+न)(ब+न) भागिले (क+न)(१+न), गुणिले क्ष, असं येतं; न हा पदाचा क्रमांक, आणि अ, ब, क या आधी ठरवून घेतलेल्या संख्या, म्हणजे प्राचलं. न बदलला की गुणोत्तर बदलतं. आता अ = १ आणि ब = क घ्या : सगळं कटून नुसता क्ष उरतो, म्हणजे साधी गुणोत्तर श्रेढी. साधी श्रेढी पोटात घेऊन तिच्या पलीकडे जाणारं ते अतिगुणोत्तर. नावाचा याहून स्वच्छ पुरावा कुठे मिळणार?

परिभाषेच्या कामात आयुष्य गेलेल्या एका ज्येष्ठांचा यावर आक्षेप असा, की 'अति'ला मराठीत अतिशहाणा, अतिप्रसंग असा वाईट वास येतो. मला हा आक्षेप अजिबात मान्य नाही. अतींद्रिय, अतिक्रमण, अतिनील यांत 'अति' म्हणजे ओलांडून जाणं, आणि इथे नेमकं तेच हवं आहे. त्यांनी सुचवलेला 'परागुणोत्तर' कानाला बरा लागतो, पण 'परा' परागमन, पराभव, पराङ्मुख अशा शब्दांत दूर किंवा पाठ फिरवून नेतो. मालिका गुणोत्तराकडे पाठ फिरवत नाही.

तुमचे 'नकाशे' मात्र काढाच. नकाशा म्हणजे पुणे जिल्ह्याचा, नाहीतर वाड्याचा. इंग्रजी 'मॅप' लॅटिन 'माप्पा'वरून आला आणि माप्पा म्हणजे कापड, रुमाल. पेशवे दप्तरातल्या कागदांच्या गठ्ठ्यांनाही रुमालच म्हणतात, हे जाता जाता. गणितातला मॅप एका संचातल्या प्रत्येक बिंदूला दुसऱ्या संचातला बिंदू नेमून देतो. त्याला 'प्रतिचित्रण' हा शब्द रुळलेला आहे. दोन बहुपदींचा भागाकार असेल तर 'परिमेय प्रतिचित्रण'. इथला 'परिमेय' तुम्ही बरोबर घेतला आहे.

'वर्गीकृत'चा निकाल लावायचा तर व्याख्यानाचा विषय थोडा समजून घ्यावा लागेल. फलन आणि त्याच्या बदलाचा दर (अवकलज) यांना जोडणारं समीकरण ते अवकल समीकरण. गाउसची ती मालिका ज्या अवकल समीकरणाची उकल आहे, ते गाउसचं समीकरण. ते तीनच ठिकाणी बिघडतं, म्हणजे तिथे उकली नीट वागतीलच असं नाही : ०, १ आणि अनंत. हॉइन या जर्मन गणित्याने १८८९ मध्ये मांडलेलं समीकरण चार ठिकाणी बिघडतं आणि त्याच्या उकली फार कमी परिचयाच्या आहेत. पण गाउसच्या समीकरणात चलाच्या जागी योग्य परिमेय प्रतिचित्रण घातलं, तर कित्येकदा हॉइनचं समीकरण तयार होतं, आणि मग त्याची उकल अतिगुणोत्तर फलनांत लिहिता येते. सोपा नमुना ४क्ष(१−क्ष) हा. तो घातला की अ, ब, अ+ब+½ या प्राचलांचं फलन २अ, २ब, अ+ब+½ यांचं होतं. ही वाट जुनीच आहे. श्वार्त्सने १८७३ मध्ये ज्यांच्या उकली बैजिक (बहुपदी समीकरणातून मिळणाऱ्या) असतात अशा गाउस-समीकरणांची पंधरा प्रकारांची यादी दिली. त्यानंतर क्लाइनने १८७७ मध्ये दाखवलं, की सगळ्या उकली बैजिक असलेलं दुसऱ्या कोटीचं (ज्यात अवकलजाचा अवकलज येतो असं) कोणतंही रेषीय समीकरण त्या यादीतल्या एखाद्यापासून अशाच प्रतिचित्रणाने मिळतं.

मग अशी प्रतिचित्रणं आहेत तरी किती? हॉइनच्या समीकरणापुरती त्यांची मोजदाद झाली आहे. निदान एक प्राचल मोकळं राहतं अशी रूपांतरं, काही सोपे प्रकार वगळून, ६१ आहेत आणि त्यांतल्या प्रतिचित्रणांचा घात १२ च्या वर जात नाही. प्राचल मोकळं न राहणाऱ्या 'अपास्तीय' (हायपरबोलिक) प्रकारात ३६६ गॅल्वा-कुळं, म्हणजे एकमेकांशी नातं असलेल्या प्रतिचित्रणांचे गट, आहेत, घात ६० पर्यंत. यादी तयार असली की समीकरण कुठे आणि कसं बिघडतं ते पाहायचं, जुळणारं प्रतिचित्रण यादीतून उचलायचं. सगळी पद्धत या यादीवर उभी आहे. तिच्यात लपवण्यासारखं काही नाही, उलट ती सर्वांसमोर मांडलेली असते म्हणूनच कामाची. 'गोपनीय' इथे अर्थाचा नाश करतो.

पण 'वर्गीकृत'ही ठेवू नका. गणितात वर्ग म्हणजे संख्येला स्वतःने गुणणं, त्यामुळे 'वर्गीकृत प्रतिचित्रण' वाचणारा विद्यार्थी आधी प्रतिचित्रणाचा वर्ग करू पाहील. 'वर्गवारी केलेली' म्हणा. मराठी माणूस हा शब्द रोज वापरतो आणि त्यात घोटाळा नाही.

राहिलं 'एकघाती'. शाळेच्या बीजगणितात ते खपतं, अवकल समीकरणांत नाही. क्षच्या फलनाचा अवकलज त्याच फलनाच्या वर्गाएवढा आहे, असं समीकरण घ्या. अवकलजाचा घात एकच आहे, म्हणून समीकरण पहिल्या घाताचं ठरतं, तरी ते रेषीय नाही. दोन उकलींची बेरीज केली तर पुन्हा उकल मिळत नाही; गाउसच्या समीकरणात मात्र ती मिळते. तेव्हा पत्रकावर असं छापा : 'अतिगुणोत्तर फलने आणि वर्गवारी केलेली परिमेय प्रतिचित्रणे वापरून रेषीय अवकल समीकरणांची उकल'.